झोपेचा बंदोबस्त

जून उजाडला की कुवेतमधल्या फरवानियातली ती इमारत ओस पडायची. शाळांना सुट्ट्या लागत, बायका पोरांना घेऊन विमानात बसत, आणि जिन्यात दंगा करायला मागे उरत ती फक्त मुक्ताची चार पोरं. त्याला कारण त्यांचा बाप. लवू एसी मेकॅनिक. कुवेतमध्ये एसीवाल्याने उन्हाळ्यात रजा मागायची म्हणजे हलवायाने दिवाळीत दुकान बंद ठेवायचं. लवूला रजा मिळे ती डिसेंबरात, तीही दोन वर्षांतून एकदा, आणि तेव्हा शाळा चालू असत. त्यामुळे आपल्या पोरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीतलं मालवण कधी पाहिलंच नाही, ही मुक्ताची जुनी तक्रार होती. पोरांना ठाऊक असलेला उन्हाळा म्हणजे दोन खोल्या, ओढलेले पडदे आणि बाहेर पन्नास अंशांचं ऊन.

प्राची बारा वर्षांची होती आणि त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, तिला घरातल्या कुणाशीच बोलायचं नव्हतं. राहुल दहाचा. भिंतीवर चेंडू आपटल्याशिवाय त्याचं डोकंच चालत नसे. तेजस्वी दिवसभर गायची, आणि एकच ओळ गायची. चार वर्षांचा बाळा पडायचा. सोफ्यावरून पडायचा, खुर्चीवरून पडायचा, सपाट जमिनीवरसुद्धा पडायचा, आणि पडला की सगळ्या जिन्याला कळवायचा.

ह्या सर्कशीत लवू दुपारी दीडला घरी यायचा. सकाळी सहापासून लोकांच्या गच्च्यांवर तापलेल्या मशीनशी झटापट करून आलेला माणूस. जेवायचा आणि आडवा व्हायचा. साडेतीनला महबूब गाडी घेऊन खाली हॉर्न वाजवी, की पुन्हा कामावर, ते थेट मध्यरात्रीपर्यंत. रात्री जेमतेम चार तास मिळत, म्हणजे झोपेची भरपाई करायची ती दुपारीच, आणि नेमकी तीच त्याला मिळत नव्हती. मुक्ता पोरांना दटावी, चिमटे काढी, बिस्किटांची लाच देई. दहा मिनिटं शांतता टिके. मग राहुलला विचार करावासा वाटे.

त्या सोमवारी लवू वेळेआधीच आला, आणि महबूब त्याला धरून वर घेऊन आला. लवूच्या हनुवटीला भली मोठी पट्टी होती.

“वैनी, घाबरू नका,” महबूब म्हणाला. तो रत्नागिरीकडचा, कंपनीची गाडी चालवायचा. “तिकडे जहऱ्याला एका गच्चीवर शिडीवर चढला होता. शिडीवरच डोळा लागला. चार टाके पडलेत.”

“शिडयेर डोळो लागलो?”

“आता सांगतोच. मागच्या हप्त्यात कठड्यावर बसून झोपला होता. मी शर्टाला धरून मागे खेचला, म्हणून आज उभा आहे.”

लवूने महबूबकडे असं पाहिलं की तो बिचारा चहाही न घेता खाली उतरला.

लवू आतल्या खोलीत जाऊन पडला. मुक्ता पाणी तापवायला वळली आणि तेवढ्यात बाळा सोफ्यावरून पडला. लवू उठून बाहेर आला. तो ओरडला असता तर मुक्ताला बरं वाटलं असतं. पण तो ओरडला नाही. स्वैपाकघराच्या दारात उभा राहून हळू आवाजात म्हणाला, “मुक्ता, तू पोरांक घेऊन गावाक जा.”

“रजेक?”

“ऱ्हवाक. थयच शाळेत घाल. मी कॅम्पात ऱ्हवतंय. थय दुपारचा कोण आवाज करणा नाय. शनिवारी मंदूबाक सांगतंय.”

मंदूब म्हणजे कंपनीची कागदपत्रं सरकारी कचेऱ्यांतून फिरवणारा माणूस. त्याने बायकापोरांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, एकदा रद्द करून आणला की परतीचं दार बंद. मुक्ताच्या ओळखीच्या तीन बायका अशा गेल्या होत्या. त्यांचे नवरे आता कंपनीच्या कॅम्पात आठ जणांच्या खोलीत राहत होते, आणि शुक्रवारी फोनच्या रांगेत उभे राहून पोरांना मार्क विचारत होते.

मुक्ताला हे नवं नव्हतं. तिचे वडील जहाजावर स्वैपाकी होते. दोन वर्षांनी महिनाभर घरी येत. पहिले आठ दिवस ती त्यांच्यासमोर जायला लाजायची, दाराआडून बघायची. मग कुठे ओळख व्हायला लागायची, तोवर त्यांची ट्रंक भरलेली असायची. ते वारले तेव्हा ती रडली खरी, पण ती आईचं रडणं बघून. बाप गेल्याचं म्हणावं तसं दुःखच झालं नाही, ह्याचंच दुःख तिने पुढे कितीतरी वर्षं मनात बाळगलं. आपल्या पोरांवर ही पाळी येऊ द्यायची नाही, एवढ्यासाठी ती ह्या भट्टीत येऊन राहिली होती.

“शनिवारपर्यंत थांबा,” ती म्हणाली. “तुमका नीज व्हयी मा? मी देतंय.”

“काय करतलंस? चार पोरांच्या तोंडाक बूच मारतलंस?”

“ता माजा मी बघतंय.”

बघतंय म्हणून बसली खरी, पण काय बघायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. ते सुचलं भांडी घासताना. दमलेलं पोर झोपतं. दमायला जागा लागते. जागा बाहेर आहे, पण बाहेर ऊन आहे. ऊन नसतं ते फक्त पहाटे. एवढं जमल्यावर तिने शेवटची कढई इतक्या जोरात घासली की राहुलने येऊन विचारलं, काय झालं.

मंगळवारी पहाटे चारला तिने चौघांना उठवलं. उठवलं म्हणजे ओढून काढलं. इमारतीच्या मागे वाळूचं मैदान होतं, तिथे गावाला गेलेल्या लोकांच्या गाड्या कापडं पांघरून उभ्या असायच्या. आभाळ उजळत होतं, हवा गरमच होती पण अंगावर घेण्यासारखी होती. मुक्ताने फुटक्या फरशीचे तुकडे रचले, साडीचा पदर खोचला आणि लगोरी सुरू केली.

“आई, धिस इज टॉर्चर,” प्राची म्हणाली. आठवड्यातलं तिचं ते पहिलं वाक्य.

“टॉर्चर तर टॉर्चर. धाव.”

इमारतीचा इजिप्शियन राखणदार चहाचा पेला घेऊन बाहेर आला. पाच मिनिटं त्याने हा प्रकार पाहिला, मग बोट डोक्याशी नेऊन गोल फिरवलं. मुक्ताने मान डोलावली. वेड लागल्याशिवाय हे होणारं काम नव्हतं, हे तिला मान्यच होतं.

ऊन चढायच्या आत सगळे घामाने निथळत वर आले. गिझर बंदच होता. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटेही पोळतं, म्हणून घरातल्या बंद गिझरमध्ये साठून निवलेलं पाणी तेवढं गार. त्या पाण्याने आंघोळी झाल्या. अंडं आणि खुबूसची रोटी पोटात गेली आणि सात वाजता चारही पोरं गाढ झोपली. मुक्ताला वाटलं, जिंकलो. तिने निवांतपणे सुरमई कापली, आमटी केली, स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन दोन कप चहा प्याली. बाराला चौघं उठली. ताजीतवानी, पोटभर झोपलेली, चार दिवसांची ताकद अंगात घेऊन उठली. दीडला लवू आला तेव्हा घरात जत्रा भरली होती. तो उशी डोक्यावर घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

ती फिरवलेली पाठ मुक्ताला फार लागली. पण लागलं म्हणून थांबणारी ती नव्हती. चूक कळली होती. पहाटे दमवायचं, आणि दुपारी एकपर्यंत डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही.

बुधवारी मैदानावरून आल्यावर तिने घरातच कारखाना काढला. राहुलकडे कणीक. तेजस्वीकडे तांदूळ निवडणं. प्राचीकडे घरातले पडदे काढून धुणं, कारण पडदे धुताना झोपता येत नाही. बाळाला पाण्याच्या टबात बसवला. कुणाची मान कलली की मुक्ता पाढे विचारायची, नाहीतर तोंडावर पाणी मारायची. “व्हाय आर वी डुइंग धिस?” राहुल पिठाने माखलेले हात वर करून विचारत होता. “बाबांसाठी,” एवढंच ती म्हणाली. गावाला पाठवण्याचं पोरांना तिने सांगितलं नव्हतं. दुपारी एकला तिघं ताटावरच पेंगली. तेजस्वी तर गाण्याची ओळ अर्धी टाकून झोपली. पण बाळाने अकरा वाजता टबातच डुलकी काढली होती, आणि दीडला तो एकटा ताजा होता. तो कपाटावरून पडला.

शुक्रवारी लवूला सुट्टी, म्हणजे आता एकच दिवस उरला होता. मुक्ताची स्वतःची झोप केव्हाच संपली होती. त्या संध्याकाळी तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो चहा तसाच पिऊन टाकला, कारण पुन्हा करायला उभं राहण्याची ताकद नव्हती. पण शनिवार डोक्यातून जात नव्हता. गुरुवारी पहाटे चारला ती पोरांच्याही आधी चपला घालून तयार होती.

गुरुवारी तिने बाळाला एक क्षणही एकटं सोडलं नाही. कडेवर घेऊन पोळ्या लाटल्या, कडेवर घेऊन भात काढला. साडेबाराला दहीभात भरवला. एक वाजता चारही पोरं आतल्या खोलीत गाद्यांवर कशीही पडली होती, आणि त्यांच्यावरून हत्ती गेला असता तरी ती हलली नसती. मुक्ताने दार लोटलं. जिन्याजवळच्या चपला उचलून ठेवल्या, म्हणजे लवू अडखळायला नको. चेंडू, खेळणी, दप्तरं सगळं कॉटखाली सारलं. पडदे ओढले. गॅस बंद केला, म्हणजे भांडं वाजायला नको, आणि ताट वाढून स्वैपाकघरात श्वास रोखून उभी राहिली.

किल्ली फिरली. दार उघडलं, लागलं. मुक्ताला हसू आलं. आता बूट काढील, हात धुवील, जेवील, झोपेल. एक बूट पडल्याचा आवाज आला. दुसरा आला नाही.

“मुक्ता?” लवूचा आवाज आला, अगदी बारीक.

बोलले तर पोरं उठतील म्हणून ती गप्प राहिली.

“प्राची?” मग एकदम घर हादरेल अशा आवाजात तो ओरडला, “राहुल! तेजू! बाळा! अरे खंय आसात?”

मुक्ता पळी घेऊनच धावली. उशीर झाला होता. आतलं दार उघडून चारही पोरं डोळे चोळत उभी होती, आणि बाळाने भोकाड पसरलं होतं.

“तीन दिवस मरतंय मी!” मुक्ता रडायच्या बेताला आली होती. “पाटे चारपासून धावतंय पोरांबरोबर. तुमका नीज मिळूची म्हणान. आणि तुमीच बोंब मारून उठवलात?”

लवू एका पायात बूट घालून दिवाणखान्याच्या मधोमध उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “माका वाटला, तुमी गेलास.”

“खंय जातलव? तिकिटां काय खालच्या बकाल्याच्या दुकानात गावतत?”

“काय कळाक नाय माका. चपलो नाय, चेंडू नाय, आवाज नाय.” तो खालीच बसला, फरशीवर. “घर रिकामा वाटला गो. हय असा, तर थय कॅम्पात कसा असतला? माका नाय जमूचा.”

मुक्ताने पळी खाली ठेवली. तिला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं, पण पोरं समोर होती, आणि बोलणं अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. “मगे शनिवारी मंदूबाक काय सांगशात?”

“काय्येक नाय. खंय धाडूचंय नाय तुमका.”

“आणि शिडी?”

लवूने हनुवटीला हात लावला. त्याचे डोळे लाल होते, पट्टी घामाने सुटत आली होती.

प्राची दारात उभी राहून सगळं ऐकत होती. “तुम्ही आम्हाला इंडियाला पाठवणार होतात?” तिने विचारलं. “फॉर गुड?”

उत्तरासाठी ती थांबली नाही. प्राची पुढे आली, वाकली आणि तिने बापाच्या पायातला दुसरा बूट काढला. मग त्याचा हात धरून त्याला आतल्या खोलीत नेलं. “जेवण नंतर. लाय डाऊन, बाबा.” तो निमूटपणे गादीवर आडवा झाला, आणि बाळा रडत रडतच त्याच्या कुशीत शिरला. प्राचीने राहुल आणि तेजस्वीला दोन बाजूंना झोपवलं. “नोबडी टॉक्स,” ती म्हणाली. “नोबडी मूव्हज. बाळा, तू पण.”

साडेतीन वाजत आले तेव्हा मुक्ताने दाराच्या फटीतून पाहिलं. लवू तोंड उघडं टाकून घोरत होता. पोरं मात्र चारही जागी होती, डोळे टक्क उघडे. राहुलने स्वतःचे दोन्ही हात पाठीखाली दाबून धरले होते. तेजस्वीचे ओठ गाण्यासाठी हलत होते, पण आवाज येत नव्हता. बापाच्या हाताखाली अडकलेल्या बाळाने आईला पाहिलं आणि नुसत्या ओठांनी सांगितलं, शू.

पाय न वाजवता मुक्ता आत गेली, लवूचा हात उचलून बाळाला सोडवला. लवू झोपेतच चाचपडला. तेव्हा प्राची सरकून बाळाच्या जागी गेली आणि बापाचा जड हात तिने स्वतःवर ओढून घेतला.

खाली हॉर्न वाजला. बाळाचं उरकून, त्याला कडेवर घेऊन मुक्ताने स्वैपाकघराची खिडकी उघडली. तोंडावर भट्टीची झळ आली.

“वैनी, लवूला पाठवा,” महबूब गाडीतून मान काढून म्हणाला. “साडेतीन वाजले.”

“वाजांदेत,” मुक्ता म्हणाली, आणि खिडकी लावून घेतली.