संस्कृतीचा गुडघा

खो-खोच्या सरावात खांबाला वळसा घालताना संस्कृतीचा उजवा गुडघा आतल्या आत फिरला, आणि काहीतरी तुटल्याचा आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वर्षभर मैदान विसरायचं.

फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातली पोर ती, पडून राहणं तिला ठाऊकच नव्हतं. गावी गेली तर आईवडील दिवसभर रानात, आणि शेजारपाजारच्या बाया येऊन पाय बघून जायच्या. "लग्नाला काय अडचण नाय ना यायची?" असं तिच्यासमोरच आईला विचारायच्या. शेवटी तिनं वडिलांच्या, बद्रीनाथच्या, मागं लागून शहरात शिकण्यासाठी घेतलेली गारखेड्यातली भाड्याची खोली पुन्हा गाठली.

खोलीत सोबत मृण्मयी होती. वैजापूरची, केमिस्ट्री शिकणारी, शांत मुलगी. ती बादली भरून ठेवायची, संस्कृतीची सॅक स्वतःच्या खांद्यावर घ्यायची, रिक्षात आधी चढून हात पुढं करायची. संस्कृती मात्र त्या हाताकडं न बघता रिक्षाचा दांडा धरून चढायची. संध्याकाळी कॉटवर बसली की चांगल्या पायाची टाच फरशीवर वाजत राहायची.

"ते ठकठक थांबव ना गं," मृण्मयी पुस्तकातून मान वर न करता म्हणायची. टाच थांबायची, की बोटं सुरू.

फिजिओथेरपीवाल्या केयूर सरांनी दिलेला व्यायाम म्हणजे गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची.

"ह्याला काय व्यायाम म्हणायचं सर?"

"सध्या हाच. दुखतं का?"

"नाय."

दुखायचं. पण दुखतंय म्हटलं की हा माणूस आपल्याला पुढं सरकू देणार नाही, हे तिनं ओळखलं होतं.

विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी जाहीर झाली आणि तिची झोप उडाली. त्या सकाळी मृण्मयीची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. "मी नुसती बघायला चालले," असं तिला सांगून संस्कृती बुटाची पिशवी घेऊन निघाली. मैदानावर संघाचे प्रशिक्षक राजकुमार सरांनी विचारलं, "डॉक्टरांनी परवानगी दिली?"

"दिली ना सर."

ती धावली. पहिली हुलकावणी, दुसरी हुलकावणी, अंगात वारं शिरल्यासारखं झालं. किती दिवसांनी श्वास लागत होता! मग खांबाजवळ वळली आणि गुडघ्यानं तिला सोडून दिलं. ती मातीत पडली ती उठलीच नाही.

पोरींनी तिच्याच फोनवरून मृण्मयीला फोन लावला. मृण्मयी लॅबच्या दाराशी आपल्या बॅचची वाट बघत उभी होती. ती आत गेलीच नाही, थेट मैदानावर आली.

नशीब की ऑपरेशनात बसवलेला नवा लिगामेंट शाबूत होता. पण गुडघा सुजून टम्म झाला, आणि पुन्हा कुबड्या आल्या, पुन्हा टॉवेलची गुंडाळी. दोघी रिक्षानं परतल्या. खोलीचं दार लावल्यावर मृण्मयी बोलली.

"माझी प्रॅक्टिकल बुडाली, संस्कृती."

"मी कुठं बोलावलं तुला?"

"तू कधी कुणाला बोलावतेस? तू पडायचं आणि आम्ही धावायचं! वर हातही धरायचा नाही आमचा."

असं म्हणून ती भिंतीकडं तोंड करून झोपली. संस्कृतीला पहिल्यांदाच टाच वाजवायचीही लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती कुबड्या घेऊन केमिस्ट्री विभागाचा जिना चढली. मधेच बसली, घाम पुसला, परत उठली. विभागप्रमुख श्रीरंग सरांनी तिच्याकडं आश्चर्यानं बघितलं.

"तुम्ही आमच्या विभागाच्या नाही."

"नाय सर. मृण्मयीची रूममेट हाय मी. चूक माझी हाय. मी खोटं बोलून खेळायला गेले, पडले, म्हणून तिची परीक्षा राहिली. तिचं नुकसान नका करू."

सरांनी चष्मा काढला, टेबलावरचं परीक्षेचं वेळापत्रक ओढून पाहिलं. "एक बॅच राहिलीय अजून. तीत बसवता येईल का बघतो. भेटायला सांगा मला."

मृण्मयीला बसवलं. ती पासही झाली, पण संस्कृतीशी नीट बोलायला तिनं बरेच दिवस घेतले. दरम्यान केयूर सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा संस्कृती म्हणाली, "व्हय, दुखतं. आतल्या बाजूला. जिना उतरताना लई." त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला, गुडघा नव्यानं तपासला आणि व्यायामच बदलला. "हे आधी सांगितलं असतंस तर?" ते म्हणाले.

पुढच्या मोसमात, डॉक्टरांनी खरोखर परवानगी दिल्यावर, ती संघात आली. आंतरविद्यापीठ सामन्यात पहिल्या डावात बरी धावली. दुसऱ्या डावाआधी गुडघ्यात ओळखीची कळ आली. सगळ्या पोरी बूट आवळत होत्या. तिनंही नाडी ओढली, मग सोडली आणि सरांकडं गेली.

"सर, दुखतंय. मला बसवा."

राजकुमार सरांनी तिच्याकडं नीट बघितलं आणि दुसरीला हाक मारली. संस्कृती बाकावर बसली. मैदानात उठलेली प्रत्येक आरोळी अंगावर येत होती. डाव संपेपर्यंत ती बसून राहिली.