गाळलेल्या दोन ओळी

आमच्या ह्यांना अंग सैल सोडता येत नाही, हे मला लग्नापासून माहीत होतं. डॉक्टरांना ते यंदा कळलं. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, खुर्चीत बसला तरी उठायच्या बेतात. पण गेल्या सहा महिन्यांत मान आणि खांदे असे आखडले, की मागून हाक मारली तर हे अख्खे वळायचे, कपाट सरकवल्यासारखे.

कंपनीने महिन्याभरानंतरची तपासणी ठेवली. मान दोन्हीकडे वळायला हवी, हात डोक्यावर जायला हवेत. नाही जमलं तर लिफ्टवरचं काम बंद आणि निवृत्त होईपर्यंत ऑफिसात बसून तक्रारींचे फोन घ्यायचे. "त्यापेक्षा घरी बसलेलं काय वाईट," हे म्हणाले. घरी बसलेलं वाईट की बरं, ते खरं तर मला विचारायला हवं होतं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक कागद दिला. तळपायांपासून सुरुवात करायची, शेवटी कपाळ. एकेक भाग पाच आकडे होईपर्यंत घट्ट आवळायचा, मग एकदम सोडायचा आणि सोडल्यावर कसं वाटतं तिकडे लक्ष द्यायचं. "सोडणं महत्त्वाचं आहे, काका," बाई म्हणाल्या. "आवळणं तुम्हाला येतंच."

घरी आल्यावर ह्यांनी कागद माझ्या हातात ठेवला. "तू वाच, मी करतो." ही त्यांच्या कामावरची रीत. एक जण यादी घेऊन बाहेर उभा राहतो आणि एकेक ओळ मोठ्याने वाचतो. लिफ्टच्या टपावर उभा असलेला तेवढंच करतो आणि "झालं" म्हणतो. जे वाचलं नाही ते त्याने आपल्या मनाने करायचं नाही.

सहा महिन्यांपूर्वी ह्यांच्या जोडीदाराकडून वाचताना एक ओळ सुटली, नेमकी लिफ्ट बंद करायची. लिफ्ट ह्यांना टपावर घेऊन दीड मजला वर गेली आणि डोकं छतापासून वीतभर राहिलं तेव्हा थांबली. ही गोष्ट मला जोडीदाराच्या बायकोने सांगितली. हे त्या दिवशी घरी येऊन जेवले आणि पेपर वाचत बसले.

तर पहिल्या संध्याकाळी मी तळपाय वाचले, पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, दंड वाचले. पुढची ओळ खांद्यांची होती, त्याखालची मानेची. मान मोकळी झाली की हा माणूस परत त्या टपावर चढणार. मी सरळ जबड्यावर गेले. चुकून नाही, ठरवून. कागद माझ्या हातात, कोणाला दिसतं.

मग रोज तेच. ह्यांचं "झालं" इतक्या लगेच यायचं, की मी विचारायची, "कसं वाटतंय?" त्यावरही "झालं". पोटरी सोडून झाली की ती खरंच सैल पडली का हे बघायला हे ती परत आवळायचे. तपासल्याशिवाय काम संपत नाही ना. तरी दहाव्या दिवशी दुपारी खुर्चीत झोप लागली त्यांना. पाय सुटले, पोट सुटलं, मान तशीच. सकाळी शर्ट घालताना हात मागे जायचा नाही, मग मी बाही धरायची. मीच राखून ठेवलेलं दुखणं मीच सांभाळत होते. लाज वाटायची, पण संध्याकाळी परत दोन ओळी गाळायची.

तपासणीच्या आदल्या दिवशी बाही धरलेली असताना ह्यांचे ओठ पांढरे पडले. त्या संध्याकाळी दंड झाल्यावर मी वाचलं, "खांदे कानांपर्यंत उचला."

ह्यांनी डोळे उघडले. "आज का?"

"म्हणजे?"

"पहिल्याच दिवशी बसमध्ये वाचला होता मी कागद. दहा ओळी आहेत. तू आठ वाचतेस."

"मग बोलला का नाहीत?"

"वाचलं नाही ते करायचं नाही," हे म्हणाले. "मला त्या टपावर परत उभं राहायचं नाही. तुला सांगायची लाज वाटत होती. तू ओळ गाळलीस तेव्हा बरं वाटलं मला."

मला रडू आलं आणि रागही आला. महिनाभर एका घरात दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती आणि दुखत होतं एकट्याचं.

"उद्या साहेबांना मीच सांगतो, फोनवर बसवा म्हणून."

"मान वळली तरी?"

"वळली तरी. आता वाच नीट."

मी वाचलं. हे खांदे उचलत गेले, मी पाचपर्यंत मोजलं आणि म्हटलं, "सोडा."

खांदे हळूहळू खाली आले. "फार दुखतं गं," हे म्हणाले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.