पाळण्यांची जागा

"बाई, उठा तिथनं. सायेब यायची येळ झाली," मुकादम चिमाजी तिसऱ्यांदा म्हणाला.

कौशल्याबाई उठली नाही. बागेतल्या पाळण्याच्या खांबांसाठी फक्कीनं आखलेल्या चौकोनात ती मांडी घालून बसून राहिली. पहार घेतलेले दोघे गडी तिच्या तोंडाकडे बघत उभे होते.

"मी हितं खांब रोवू द्यायची न्हाई. सबनीस सायबाला बोलवा."

भोसरीच्या अलीकडच्या त्या जुन्या दगडखाणीत पंधरा वर्षं वस्तीचा आणि कारखान्यांचा कचरा पडत आला होता. नगरपालिकेनं तिथं बाग करायचं ठरवलं, तेव्हा कौशल्याबाईचं पोट त्या कचऱ्यावर होतं. बहात्तरच्या दुष्काळात ती उस्मानाबादकडून आली, नवरा वर्षभरात काविळीनं गेला, आणि ती भंगार वेचू लागली. खाणीत कचरा पडायचा बंद झाला तशी ती थेट ओव्हरसियर गुरुदत्त सबनीसांपुढं जाऊन उभी राहिली. "माझं पोट बुजवताय, तर मला कामावर घ्या," म्हणाली. त्यांनी तिला रोजंदारीच्या मस्टरवर घेतलं.

त्याला अडीच वर्षं झाली होती. कुठं भट्टीची राख, कुठं काच, कुठं तेलकट चिंध्या, सगळी खाण तिला पाठ होती. मुरूम पसरला, त्यावर काळी माती आली, घाण पाण्याला चर काढले. पण रोप लावायच्या आधी सबनीस तिलाच विचारत. तिनं नको म्हटलेल्या जागी लावलेली चाळीस रोपं एकदा महिन्याभरात वाळून गेली, तेव्हापासून.

या कोपऱ्याबद्दल मात्र ती बोलली नव्हती. नकाशात इथं नुसतं कुंपण होतं. आठवड्यापूर्वी नकाशा बदलला आणि पाळणे इकडं आले.

सबनीस सायकलवरून उतरले. "काय झालं कौशल्याबाई? पंधरा दिवसांवर उद्घाटन आलंय."

"सायेब, हितं खाली पिवळं पानी हाय. मुलामा द्यायच्या कारखान्याचं. पिंपातनं यायचं."

"तुम्हाला कसं माहीत?"

तिनं दोन्ही हात पुढं केले. बोटांच्या पेरांवर जुन्या जखमांचे खोल, गोल खळगे होते.

"म्याच ओतलंय. पिंप मोकळं केलं की भंगारवाला घ्यायचा. बोटं जळाया लागली तवा कळलं की हे वंगाळ हाय. तरीबी वर्सभर ओतलं."

चिमाजीनं मान खाली घातली. सबनीसांनी गड्यांना चौकोनाच्या कडेनं खणायला सांगितलं. हातभर काळी माती, मग मुरूम, आणि त्याखाली हिरवट पिवळा, ओला थर लागला. नाकाला झोंबणारा वास आला. चिमाजी ढेकूळ उचलायला वाकला, तसा कौशल्याबाईनं त्याचा हात झटकला.

"हात लावू नगा, मुकादम!"

तेवढ्यात नगरपालिकेचे मोठे साहेब आले. त्यांनी खड्डा पाहिला, सबनीसांचं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"वर दोन फूट माती टाका की. कोण खणून बघणार आहे?"

"लेकरं खणत्यात, सायेब," कौशल्याबाई म्हणाली. "मातीत खेळत्यात, तोंडात घालत्यात."

"तुम्हीच ओतायचं आणि तुम्हीच अडवायचं? हिचं नाव कमी करा, सबनीस."

"करा. पर पाळणा हितं नगं."

ती तेव्हाही उठली नाही. दुपारभर उन्हात बसून होती. संध्याकाळी सबनीसांनी पाळणे इथं नकोत असा अहवाल लिहिला, सही केली आणि तिला वाचून दाखवला. तेव्हा ती उठली.

उद्घाटन तीन महिने पुढं गेलं. पाळणे फाटकाजवळच्या खडकाळ जागी, वर चांगली माती पसरून, हलवले. कोपऱ्यातला पिवळा थर निघेल तेवढा काढला, वर चिकणमाती ठोकली, भोवती काटेरी तारेचं कुंपण झालं. कौशल्याबाईचं नाव खरंच कमी झालं होतं. सबनीसांनी खटपट करून तिला परत घेतलं, पण नवी मजूर म्हणून. तीन वर्षं भरून कायम व्हायला सहा महिने उरले होते, ती अडीच वर्षं पुसली गेली.

"माझ्या हातात एवढंच होतं," सबनीस ओशाळून म्हणाले.

"असू द्या. उद्या कुठल्या बाजूला पानी घालू?" तिनं विचारलं.

उद्घाटनाच्या दिवशी भाषणं झाली, हार पडले. नंतर पाळण्यांवर मुलांची झुंबड उडाली, ती अंधारून येईपर्यंत हटली नाही. फाटक लागल्यावर कौशल्याबाई झाडू घेऊन तिकडं गेली. पाय घासून घासून प्रत्येक पाळण्याखाली एकेक खळगा पडला होता.

ती खाली बसली. आतली माती तिनं चिमटीत घेतली, बोटांवर चोळली, नाकाशी नेली. मग चांगल्या मातीची पाटी आणली, एकेक खळगा भरला आणि अनवाणी पायांनी दाबून सारखा केला. उद्या खळगे पुन्हा पडणार होते. तिनं अर्धी उरलेली पाटी तिथंच खांबाला टेकवून ठेवली.