सातच तास राहिले होते

मी शंभर तास न थांबता फिरलो असतो, तर आमचा कारागीर होरेस टॅन्स्ली चाचणीघराचा मुख्य झाला असता. तपकिरी डगला जाऊन पांढरा कोट आला असता आणि जेवायला साहेबांच्या खोलीत खुर्ची. मला मिळणार होतं नाव. आमच्या कारखान्यात पसंत पडलेल्या इंजिनालाच नाव देत. तोवर नुसता नंबर. माझा सत्तेचाळीस.

मित्रांनो, मी एक जुनं विमानाचं इंजिन आहे. चोवीस सिलिंडरांचं, लढाईच्या दिवसांत इंग्लंडात घडलेलं. विमानात मात्र कधी बसलो नाही.

होरेसने मला जोडलं. माझा आवाज असा, की कापसाचे बोळे घालूनही लोकांचे कान दुखत. होरेस मात्र डाव्या कानातला बोळा काढी, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या अंगाला टेकवी आणि त्याची मूठ कानाशी धरी. काचेमागे बसून काट्यांची नोंद ठेवणारी मेव्हिस त्याला छेडायची.

"मिस्टर टॅन्स्ली, घरी बायकोचं इतकं ऐकता का हो?"

"तिला ऐकायला स्क्रूड्रायव्हर लागत नाही, पोरी."

त्र्याण्णवाव्या तासाला तो ऐकता ऐकता थबकला. माझ्या पोटात बारीक टिकटिक होत होती. तो काचेमागे आला.

"बंद करतोय."

"सगळे काटे जागेवर आहेत," मेव्हिस म्हणाली. "सातच तास राहिलेत. थांबलं तर साहेब दुसरी संधी देणार नाहीत."

"ठाऊक आहे."

"मग मी काही ऐकलं नाही. तुम्हीही नाही."

"मी ऐकलंय ना. नाहीतर ढगांत एखाद्या वैमानिक पोराला ऐकावं लागेल."

त्याने मला हळूहळू शांत केलं, झोपवावं तसं. उघडल्यावर केसाएवढी चीर निघाली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि ते पंख्याविना विमान उडवणाऱ्या नव्या जेट इंजिनांकडे वळले. मी ताडपत्रीखाली गेलो. होरेस तपकिरी डगल्यातच निवृत्त झाला, डाव्या कानाने ठार बहिरा होऊन. आता मी संग्रहालयात असतो. मुलं येतात, नंबर वाचतात, पुढे जातात.

मित्रांनो, यंत्राची निगा म्हणजे नुसतं तेल आणि फडकं नव्हे. त्याची कुरकुर ऐका. आणि कोणी "थांबा" म्हणालं, तर त्याला वेड्यात काढू नका.

त्या थांबण्याची किंमत होरेसने आणि मी मोजली. ज्या पोराला घेऊन मी वर गेलो असतो, त्याला काहीच द्यावं लागलं नाही. आम्ही दोघं होतो, हेही त्याला ठाऊक नाही.