शेवग्यावरचे सुरवंट

दातांच्या डॉक्टर भार्गवी दवाखान्यातला जुना, छोटा आरसा पर्समध्ये ठेवायच्या. झाडाच्या पानाखाली तो धरला की पान न उलटता खालची अळी दिसते. चामराजपेटेतल्या दवाखान्याच्या दारातच त्यांचं कढीपत्त्याचं झाड होतं.

नागपूरहून नोकरीसाठी आलेली स्मृती दाढ दाखवायला आली, तेव्हा त्या झाडापाशीच थबकली. "डॉक्टर, पानावर पक्ष्याची शीट पडलीय आणि ती चालतेय!"

"अळी आहे ती. स्वल्प थांब, मोठी झाली की हिरवी होईल."

तिथून मैत्री जमली. भार्गवींच्या घरी अळ्यांचा विषय निघाला की सगळे उठून जायचे. मन लावून ऐकणारी ही पहिलीच. स्मृती त्यांना अक्का म्हणू लागली. रविवारी दोघी होसकोट्याच्या तळ्याकडे जायच्या. रुईवरची पट्ट्यापट्ट्यांची कुठली, एरंडावरची काटेरी कुठली, हे ती भराभर शिकली. राजाजीनगरात तिच्या सोसायटीच्या बागेत दोघींनी मिळून अळ्यांसाठी लिंबू लावलं, ईश्वरीची वेल चढवली. स्मृती त्या सोसायटीची सेक्रेटरी होती.

यंदा बागेतल्या शेवग्यावर केसाळ सुरवंट आले आणि मुलांच्या अंगावर पुरळ उठलं. रविवारी भार्गवी बघायला गेल्या. सोसायटीतल्या लोकांना ऐकवण्यासाठी स्मृतीने विनंती केली म्हणून त्यांनी तिथेच उभं राहून आपल्या फोनवरून तिला आवाजी निरोप पाठवला: "हे सुरवंट अंगाला लागले की खाज सुटते. मुलांना लांब ठेवा. पण हे फक्त शेवग्यावर आहेत. दिवसा खोडावर गोळा होतात, तेव्हा काठीने साबणाच्या पाण्यात पाडा. बागेत फवारणी अजिबात नको."

मग दोघी ईश्वरीच्या वेलीपाशी गेल्या. काळ्या अंगावर लाल बोंडं असलेल्या अळ्या पानं कुरतडत होत्या. "अक्का, या कोश कधी करतील?" स्मृतीने विचारलं.

"आठवडाभरात."

पुढच्या रविवारी फाटकातच औषधाचा उग्र वास आला. वेलीखाली अळ्या आक्रसून पडल्या होत्या. लिंबावरही काही जिवंत नव्हतं.

तळमजल्यावरचे पद्मनाभ हात जोडत आले. "डॉक्टर, तुमच्या सल्ल्याने बरं झालं. सगळी बाग फवारून घेतली."

"माझ्या सल्ल्याने?"

त्यांनी सोसायटीचा ग्रुप उघडून दाखवला. भार्गवींचा आवाज आला, 'मुलांना लांब ठेवा' म्हणाला आणि थांबला. खाली स्मृतीने लिहिलं होतं: तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार संपूर्ण बागेत फवारणी.

भार्गवींनी आपल्या फोनवरचा पूर्ण निरोप त्यांना ऐकवला. पद्मनाभ ओशाळले. "सरी, बरोबर आहे डॉक्टर, पण आम्हाला एवढंच कळलं होतं."

तेवढ्यात स्मृती खाली आली. भार्गवींचा चेहरा बघून तिला सगळं समजलं.

"अक्का, रोज तक्रारी येत होत्या. मी एकटी किती जणांशी भांडू? तुमचं नाव असलं की कोणी वाद घालत नाही."

"म्हणून माझं बोलणं तोडलंस? कधी ठरवलंस हे?"

स्मृती हळूच म्हणाली, "फवारणीवाल्याला गेल्या रविवारी तुम्ही यायच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं."

"म्हणजे या वेलीपाशी उभी राहून कोश कधी होतील विचारलंस, तेव्हा तुला माहीत होतं."

"मला खरंच जाणून घ्यायचं होतं, अक्का."

भार्गवींना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्या फाटकाकडे वळल्या. स्मृती मागे धावली. "पुढच्या रविवारी तळ्यावर जायचं ना?"

"तुम्ही जा," भार्गवी म्हणाल्या आणि समोर आलेल्या रिक्षात बसल्या.

काही दिवसांनी दुपारी दवाखान्यात स्मृतीचा फोटो आला. कण्हेरीच्या पानावर केशरी अळी, अंगावर लांब काळे तंतू. 'अक्का, ही कुठली?' भार्गवींनी बघताक्षणी ओळखली. बोटं नाव लिहायला लागलीसुद्धा. मग त्यांनी लिहिलेलं पुसलं, फोन उपडा ठेवला आणि बाहेर बसलेल्या पेशंटला आत बोलावलं.