डावीकडे बसणारी दुल्मा

मित्रांनो, तुमच्या गावात गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात आणि ड्रायव्हर उजवीकडे बसतो. जपानातही तसेच. मी तिथे जन्मले, म्हणून माझे स्टिअरिंग उजवीकडे आहे. पण गेली सहा वर्षे मी मंगोलियात, बागानूर नावाच्या कोळशाच्या गावात राहते, आणि इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. पुढच्या ट्रकला मागे टाकायचे तर त्याच्या डावीकडून जावे लागते. माझा ड्रायव्हर बसतो उजव्या टोकाला. त्याला समोरून काय येते आहे ते दिसतच नाही, नुसते ट्रकचे मागचे फळकूट दिसते. म्हणून बघण्याचे काम त्याच्या डावीकडे बसलेल्या माणसाचे. ड्रायव्हर विचारतो, "जाऊ?" डावीकडचा माणूस मान लांब करून बघतो आणि 'जा' म्हणतो किंवा 'थांब' म्हणतो. इथे माझ्यासारख्या पुष्कळ गाड्या आहेत आणि त्या सगळ्या याच दोन शब्दांवर चालतात.

माझी पहिली दहा वर्षे जपानात एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे गेली. ते मला दर रविवारी धूत आणि बाजारापलीकडे कुठे नेत नसत. ते वारल्यावर मुलाने मला लिलावात उभे केले. मग जहाज, मग आगगाडी, आणि मग दाशन्याम. दाशन्यामने तेवीस वर्षे खाणीचा ट्रक चालवला होता. निवृत्तीनंतर बागानूर ते राजधानी उलानबातर अशी प्रवासी गाडी चालवायची, असे त्याने ठरवले होते. मला पाहून तो म्हणाला, "पोट फार खाली आहे हिचं. पण तब्येत बरी आहे."

त्याने मला गॅरेजात नेले नाही. जे केले ते घरीच, कुंपणाच्या आत, आपल्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या जाड लोकरीच्या, गोल घरासमोर केले. खाणीतल्या कोळसा वाहणाऱ्या जुन्या पट्ट्याचे जाड रबर कापून त्याने माझ्या स्प्रिंगांवर बसवले आणि मला चार बोटे उंच केले. पाण्याच्या टाकीचा पत्रा ठोकून इंजिनाखाली ढाल बसवली. डिकीत गॅसची टाकी आली. शेजारचा त्सेवेग खाणीत वेल्डिंग करायचा. तो कुंपणावरून बघत म्हणायचा, "दादा, एवढं केलंस तर आता दोन शिंगंही बसव तिला." दाशन्याम त्याला पाना फेकून मारण्याचा आव आणायचा आणि मग त्याच्याकडूनच वेल्डिंग करून घ्यायचा.

मित्रांनो, मी खोटे सांगणार नाही, मला हे सगळे आवडले. पोस्टमास्तर मला पुसत असत, पण मला कोणी उघडून पाहिले नव्हते. दाशन्यामला चालत्या गाडीत माझ्या मागच्या डाव्या चाकाची कुरकूर ऐकू येई आणि संध्याकाळी तो बरोबर तेच चाक खोलायचा.

त्याची बायको दुल्मा. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून तिने माझ्यासाठी नमद्याची गोधडी शिवली. पहिल्या फेरीच्या दिवशी तिने चमच्याने माझ्या चारही चाकांवर दूध शिंपडले, जसे इथल्या बायका प्रवासाला निघणाऱ्यांसाठी शिंपडतात. मग चमचा घरात ठेवून आली आणि दार उघडून डावीकडे बसली.

"तू कुठे निघालीस?" दाशन्याम म्हणाला.

"तुझ्या डाव्या बाजूला कोण बसणार आहे? की तू खिडकीतून निम्मा बाहेर लोंबकळणार?"

"अगं, ती एका प्रवाशाची जागा आहे."

"तेवीस वर्षं तू ट्रकवर आणि मी या कुंपणात. आता मी इथून उठायची नाही, म्हाताऱ्या."

ती उठली नाही. लोक चेष्टा करायचे की दाशन्याम एक भाडे बुडवून बायकोला मिरवतो. तो म्हणायचा की ही बायको नाही, माझे डोळे आहेत. दुल्माच्या मांडीवर वाळवलेल्या दह्याच्या खड्यांची पिशवी असायची, ती प्रवाशांना खडे वाटायची आणि त्यांची सुखदुःखे काढून घ्यायची. ट्रक आला की बोलता बोलता मान लांब करायची. "जाऊ?" "जा." चार वर्षे तिचा शब्द एकदाही चुकला नाही. ती चार वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली, आणि मला वाटते तिच्याही.

मला माणसांसारखे बोलता येत नाही. माझ्या पोटात जपानी रस्त्यांवरच्या टोलचे एक यंत्र आहे. चावी फिरवली की ते जपानीत सांगते, "कार्ड घातलेले नाही." एवढे एकच वाक्य. दाशन्याम ते काढून टाकणार होता, पण दुल्मा म्हणाली, राहू दे, बिचारी काहीतरी सांगते आहे. रोज सकाळी ती मला उत्तर द्यायची, "हो गं बाई, ऐकलं."

पाचव्या वर्षी मला खरोखरच काहीतरी सांगायचे होते. दूध शिंपडताना ते माझ्या चाकावर न पडता वीतभर बाजूला मातीत पडू लागले होते. प्रवाशांसाठी थर्मासमधून चहा ओतताना ती पेल्यात एक बोट धरायची आणि बोटाला चटका बसला की थांबायची. बाहेरच्या बाजूने माझे दार उघडताना ती आधी काचेवरून हात फिरवून मूठ शोधायची. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरट साय धरली होती. आणि दाशन्यामला माझ्या चाकाची कुरकूर ऐकू येत होती, पण ही साय दिसत नव्हती. मला त्याचा फार राग यायचा.

एकदा तो खाणीच्या कार्यालयात गेला असताना ती एकटीच माझ्यात बसून होती. माझ्या पुढच्या फळीवर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "त्याला कळलं तर तो मला घरी बसवील. मग परत तेच कुंपण. एवढा हिवाळा जाऊ दे."

मी इंजिनाच्या जोडीने बॅटरीवरही चालणारी गाडी आहे, आणि त्या शरद ऋतूत माझी ती मोठी बॅटरी दमली. तिच्यात अठ्ठावीस छोट्या पेट्या असतात. दाशन्यामने त्या सगळ्या काढून माझ्या सावलीत नमद्यावर मांडल्या. तो एकेका पेटीला त्सेवेगकडून आणलेला ट्रकचा जुना दिवा जोडी आणि वेळ मोजी. दुल्माने दिव्याकडे बघून सांगायचे की तो मंद होतो का. ज्या पेटीवर दिवा मंद होईल ती खराब.

"ही?"

"चांगली."

"ही?"

"तीही चांगली. सगळ्या सारख्याच आहेत."

त्याने पेट्या तशाच परत बसवल्या. तिसऱ्या दिवशी मी खिंडीत पहिल्या बर्फात बंद पडले आणि प्रवाशांनी दाशन्यामचा उद्धार केला. एका ट्रकने मला ओढत घरी आणले. दाशन्यामने पेट्या पुन्हा मांडल्या आणि या वेळी दिवा स्वतः बघितला. अकराव्या पेटीवर तो विझत आलेल्या निखाऱ्याएवढा झाला. दाशन्याम कितीतरी वेळ त्या दिव्याकडे बघत राहिला. दुल्मा दारात उभी होती.

"काय झालं?" तिने विचारले.

"त्सेवेगचा दिवाच भिकार आहे," तो म्हणाला. "धड जळत नाही."

मी मनात म्हटले, खरा आंधळा तूच आहेस.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही कोणालाच मागे टाकले नाही. कोळशाच्या ट्रकमागून मी सगळा रस्ता रांगत जायची. तो सवयीने विचारायचा, "जाऊ?" तिला काही दिसत नसल्यामुळे ती म्हणायची, "थांब." तो "बरं" म्हणून थांबायचा. प्रवासी वैतागायचे. काहींनी आमची गाडी सोडली. दाशन्याम म्हणायचा की घाई असेल त्याने विमानाने जावे. मला वाटायचे, म्हातारपणाने मऊ झाला आहे.

मार्चमध्ये धुळीचे वारे सुरू झाले. त्या दिवशी मागच्या सीटवर तिघे होते. खाणीतली एक बाई, तिची वहिनी, आणि डाव्या खिडकीशी एक तरुण, ज्याला उलानबातरहून सीमेकडे जाणारी आगगाडी पकडायची होती. पुढे कोळशाचा ट्रक होता. दोनदा "जाऊ?" झाले, दोनदा "थांब" झाले.

"काकू, रस्ता रिकामा होता की आत्ता," तरुण म्हणाला. "काय बघता तरी काय तुम्ही?"

दुल्मा मांडीवरच्या पिशवीचे तोंड बांधत राहिली.

"झोप लागली का काकूंना? माझी आजी दोन्ही डोळ्यांनी आंधळी आहे, तिला बसवलं असतं तर आत्तापर्यंत पोचलो असतो."

मागच्या दोघी हसल्या. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हते, पण दुल्माचे कान लाल झाले. तिने पाठ ताठ केली.

"जाऊ?" दाशन्यामने विचारले.

"जा," दुल्मा म्हणाली. तिचा आवाज अगदी पूर्वीसारखा होता.

मित्रांनो, त्याचा पाय माझ्या पेडलवर होता आणि तो पाय थबकला. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले. ती हनुवटी वर करून समोर बघत होती. गाडीत सगळे ऐकत होते. मग त्याने पेडल दाबले.

मी अजून ट्रकच्या शेपटाशीच होते, तेवढ्यात समोरच्या धुळीतून एक निळा मालट्रक बाहेर आला. अशा वेळी ड्रायव्हरचा हात आपोआप स्वतःला वाचवणाऱ्या बाजूला फिरतो. दाशन्यामने उजवीकडे, पुन्हा ट्रकच्या मागे वळायला हवे होते. मग धक्का माझ्या डाव्या अंगावर बसला असता, दुल्माच्या बाजूला. त्याने मला सगळ्या ताकदीने डावीकडे, खड्ड्याच्या दिशेने फिरवले आणि आपली बाजू पुढे केली.

तो जागीच गेला. खाणीतल्या बाईचा हात मोडला, तरुणाचा खांदा निखळला. दुल्माच्या कपाळाला चार टाके पडले. पोलीस आले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला बसून एकच सांगत होती, "मी 'जा' म्हणाले."

"आजी, ते कागदावर लिहायला जागा नाही," पोलीस हळुवारपणे म्हणाला. "गाडी चालवणारा जबाबदार असतो."

टाके घालणाऱ्या डॉक्टरने तिचे डोळे पाहिले. मोतीबिंदू होता. महिन्याभरात दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, एकेका डोळ्याला अर्धा तासही लागला नाही. मे महिन्यात तिला लख्ख दिसू लागले. मला ओढून याच कुंपणात आणून ठेवले होते. ती माझ्याजवळ आली आणि चेपलेल्या उजव्या बाजूकडे उभी राहून बघत राहिली. तिला सगळे दिसत होते, आणि मला वाटले की तिला ते दिसत नसते तर बरे झाले असते.

जूनमध्ये त्सेवेग पोत्यात गुंडाळलेले काहीतरी जड ओढत आला.

"वहिनी, हे उलानबातरहून आलं. दादाने मागवलेलं. मला कळेना की तुम्हाला सांगू की नको."

त्याने पोते सोडले. आत स्टिअरिंगचा सगळा सांगाडा होता, डाव्या बाजूला बसवायचा. आमच्या जातीच्या गाड्यांत तो सहज मिळत नाही, म्हणून एवढा वेळ लागला होता.

"कशाला मागवलं होतं?" दुल्माने विचारले.

त्सेवेगने टोपी काढली. "उन्हाळ्यात आम्ही दोघं मिळून बसवणार होतो. म्हणाला, मी डावीकडे गेलो की माझं मलाच दिसेल. मग तिला नुसतं शेजारी बसायचं, बघायचं काही नको."

"आणखी काय म्हणाला?"

"म्हणाला, तिच्या डोळ्यांचं तिला बोलू नकोस. ती स्वतः सांगेपर्यंत मी विचारणार नाही, तिला वाटेल आता हा मला घरी बसवणार."

"कधी मागवलं?"

"शरदात. बॅटरी खोलली होती ना, त्याच आठवड्यात."

म्हणजे तो सगळा हिवाळा त्याला माहीत होते. रोज "जाऊ?" विचारताना माहीत होते, आणि "थांब" ऐकून "बरं" म्हणताना माहीत होते. मी त्याला आंधळा म्हटले होते, मित्रांनो, आणि त्याबद्दल माझी मलाच लाज वाटते. त्या दिवशी तो थांबला असता तर तिघा परक्यांसमोर तिला सांगितल्यासारखे झाले असते की तुझ्या शब्दावर माझा भरवसा नाही. त्याला ते करवले नाही.

त्सेवेग गेला. दुल्माने माझे डावे दार उघडले आणि आपल्या जागेवर बसली. उजवीकडच्या मोडक्या सीटकडे तिने तोंड केले.

"मला दिसत नव्हतं रे," ती म्हणाली. "शरदाच्या आधीपासूनच दिसत नव्हतं."

मग ती खूप रडली, आणि माझ्याकडे तिला द्यायला काहीच नव्हते.

मित्रांनो, जुन्या गाड्या तुम्हाला सांगतात की आमचे तेल बदला, आम्हाला गंजू देऊ नका. माझी तशी तक्रार नाही, माझ्याइतकी काळजी फार थोड्या गाड्यांची घेतली जाते. पण तुमच्या घरात असे कोणी असेल की ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, जिना चढवत नाही, आणि ते त्याने लपवले आहे हे तुम्हाला कळले आहे, तर त्याचा मान राखायला गप्प बसू नका. आजच त्याच्याजवळ बसा आणि सांगा की मला माहीत आहे, आणि तरीही तू माझ्या शेजारीच बसणार आहेस. दाशन्यामला हे वाक्य येत होते. ते त्याने त्सेवेगला सांगितले.