नजर ठरत नाही

गुंडूची पिशवी मी सकाळीच भरली होती. आधी दवाखान्यात त्याच्या डोळ्यांची तपासणी, मग तिथूनच बस धरून येलवाल. तिथल्या आश्रमात मानसिक रुग्णांना कायमचं ठेवून घेतात. आमचे वडील, अप्पा, गेल्यापासून एकवीस वर्षं मी या धाकट्या भावाचा स्किझोफ्रेनिया सांभाळते आहे आणि मंडी मोहल्ल्यातलं शिलाईचं दुकानही. थकले मी. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

"मला तिथं नको, अक्का," असं तो आठ दिवस म्हणत होता. म्हणताना नजर मात्र भलतीकडेच. त्याचा मला भारी राग यायचा. विनवणी करायची तर निदान माणसाकडे बघून करावी.

तपासणी कसल्याशा अभ्यासासाठी होती. हनुवटी टेकवायची आणि डोकं न हलवता पडद्यावरच्या सरकत्या ठिपक्यामागे नजर न्यायची. गुंडूच्या नजरेची रेघ कॉम्प्युटरवर पायऱ्यापायऱ्यांनी उमटली.

"नीट बघ की रे," मी मागून खेकसले.

"अम्मा, ते नीटच बघतायत," डॉक्टर यशस्विनी म्हणाल्या. "या आजारात नजर मागे पडते, मग उडी मारून ठिपका गाठते. त्यांच्या हातात नाही ते."

मला अप्पांचा खडू आठवला. आमच्या शिंपीघरात मुलाला मशीनवर बसवण्याआधी अप्पा कापडावरून खडू सरकवत आणि मुलाने मान न हलवता त्याच्यामागे बघायचं. गुंडूची नजर उडाली की बोटांवर मापाचा लाकडी गज. "मी बघतोय, अप्पा," म्हणून तो रडायचा. "नाचता येईना, अंगण वाकडं," अप्पा म्हणायचे, आणि मी हसायचे. मुलींची ही परीक्षा कुणी घेत नसे. आम्हाला काजं-बटणं आणि हातशिलाई.

नातेवाइकांचीही तपासणी करतात म्हणून मग मला बसवलं. मी अगदी जीव ओतून बघितलं. माझीही रेघ उड्या मारतच आली.

"मी नीट बघत होते हो," मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला होता.

"ठाऊक आहे. घरातल्या निरोगी माणसांतही कधी कधी आढळतं हे. तुम्हाला आजार आहे असा याचा अर्थ नाही."

बसथांब्यावर गुंडू मला खेटून उभा राहिला.

"अक्का, तुझी पण नजर माझ्यासारखीच निघाली?"

"हूं."

"मग आता तुला पण येलवालला ठेवतील?"

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"भिऊ नको. मी दर रविवारी येतो. तिथं सुम्ने, उगी गप्प बसून राहू नको, जेवत जा."

बस आली, कंडक्टरने हाका मारल्या, बस गेली. माझा थकवा तसूभरही कमी झाला नव्हता, आणि उद्यापासून पुन्हा तेच सगळं होतं.

"घरी चल," मी म्हणाले. "भूक लागली असेल तुला."